घरी नेलेला शब्द

"तांदूळ मागच्या दारानं न्या. पुढून नेला की व्हरांड्यात सांडतो, आणि मग दिवसभर चिमण्या वर्गात."

भागवतनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. होता तो फक्त परतीचा पाऊस, आणि शाळेच्या फाटकापासून चिखलात उमटलेली त्याचीच पावलं. म्हणजे हे आपल्यालाच! मग त्याच्या लक्षात आलं, की बॅग भिजू नये म्हणून आपण ती खताच्या पांढऱ्या गोणीत घातली आहे आणि गोणी खांद्यावर आहे. पोषण आहाराचा तांदूळ आणणारा माणूस याहून वेगळा दिसत नसणार.

"मी तांदूळ नाही आणला," तो म्हणाला. "मी... शिक्षक आहे."

व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या तरुणीनं त्याला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग पायापासून डोक्यापर्यंत.

"नवीन?"

"शिक्षक जुनाच आहे. शाळा नवीन."

ती हसली. हसता हसता तिनं बोटांनी ओलं कपाळ पुसलं आणि बोटांना लागलेला खडू कपाळावर उमटला. तिला ते कळलं नाही. सांगावं की सांगू नये, या विचारात भागवतनं गोणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"म्हणजे तुम्ही..." ती एकदम सरळ उभी राहिली, "चतुराबाईंचे भागवत?"

"आणि तुम्ही वैजयंती मॅडम?"

खरं म्हणजे ही भेट व्हायचीच नव्हती. आपसी बदली म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कुणी मास्तर नाही त्यांना सांगायला हवं. एक शिक्षक इथला, पण नोकरीला तिकडे. दुसरी तिकडची, पण नोकरीला इकडे. दोघांनी एकमेकांना शोधायचं, संमतिपत्रावर सह्या करायच्या आणि जागा बदलायच्या. एक येतो तोवर दुसरी गेलेली असते. रिठदचा भागवत आठ वर्षं साताऱ्याकडच्या डोंगरात शिकवत होता, आणि साताऱ्याची वैजयंती सहा वर्षं रिठदजवळच्या या वस्तीवरच्या शाळेत. ती कालच मोकळी झाली होती. पण मुख्याध्यापक माणिकराव सरांनी तिच्या कागदावर तारीख चुकवली, आणि ती दुरुस्त करून घ्यायला तिला वाशीमच्या स्टँडवरून परत यावं लागलं. माणिकराव सरांच्या हातून एवढ्या वर्षांत एवढं एकच चांगलं काम झालं, असं म्हणायला हरकत नाही. त्यांना मात्र ते अजून कळलेलं नाही.

"तुमच्या आईच्या शेजारीच राहायचे मी," ती म्हणाली. "बेबीबाईंच्या खोलीत."

"माहीत आहे. आई फोनवर सांगायची, बाजूची मास्तरीण म्हणून. पण मी तुम्हाला कधी..."

"पाहिलंय तुम्ही मला. आषाढात." ती जरा थांबली. "तेव्हा तुम्ही कुणालाच पाहत नव्हता. आणि डोकंही भादरलेलं होतं. म्हणून तर मी तुम्हाला तांदूळवाला केलं."

आषाढात त्याची आई गेली होती. बदलीचा आदेश निघाला भाद्रपदात. आठ वर्षं ज्या माणसासाठी घरी यायचं होतं, ते माणूस दोन महिने आधीच निघून गेलं. वैजयंतीनं त्याला वर्ग दाखवला.

फळ्यावर इंग्रजीतला एकच शब्द होता, मोठ्या वळणदार अक्षरात. रिलक्टंट.

"रोज एक शब्द," ती सांगू लागली. "अर्थ आपण सांगायचा. पण तेवढ्यानं शब्द येत नाही. पोरं तो घरी घेऊन जातात, घरात कुठं बसतो ते बघतात, आणि दुसऱ्या दिवशी वाक्य करून आणतात. पुस्तकातलं वाक्य चालत नाही, स्वतःच्या घरातलंच पाहिजे. सगळ्यांची वाक्यं आली की शब्द पुसायचा. एकाचं जरी राहिलं, तरी उद्या पुन्हा तोच शब्द."

"आणि मास्तरांनी?"

"मास्तरांनीही आणायचं. मास्तरांना काय घर नसतं?" ती सहज बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनं जीभ चावली.

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला.

"काल शब्द लिहिला आणि अर्थ सांगायचा राहून गेला. पोरं रडायला लागली, मग मीही... तुम्ही सांगाल ना?"

"सांगतो की," भागवत म्हणाला. ज्याला अर्थ माहीत नसतो तो माणूस म्हणतो, तसंच अगदी रुबाबात.

हॉर्न पुन्हा वाजला. वैजयंती दारातून ओरडली, "थांब न भाऊ, काहून घाई करून राह्यला?" आणि भागवतला हसू फुटलं. साताऱ्याची पोरगी, आणि बोली अशी, की आई स्वयंपाकघरातून बोलावते आहे असं वाटावं. ऑटोत बसताना ती म्हणाली, "तुम्हीही मघाशी 'सांगतो की' म्हणालात. इथं असं 'की' कुणी लावत नाही. पोरं हसतील, सांभाळा." आणि ऑटो गेला. कपाळावरचा खडू सांगायचा राहिलाच.

---

रिठदचं घर बेबीबाईनं झाडून, पाणी भरून ठेवलं होतं. पातेलीभर वरण आणि चार भाकरी घेऊन ती आली, "खाऊन घे बापा," म्हणाली आणि गेली. मग घर होतं आणि भागवत होता. आईची सगळी भांडी चार माणसांची. त्यात एकट्यापुरता भात शिजवायचा म्हणजे तो तळाशी लागायचाच. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघत नसे. साताऱ्याकडेही तो एकटाच होता, पण तिकडे एकटेपणाला कारण होतं, घर लांब आहे. इथे आल्यावर ते कारणही उरलं नाही.

पहिल्या संध्याकाळी त्यानं जुना शब्दकोश काढला. रिलक्टंट म्हणजे नाखूश. नाखूश म्हणजे नाराज, नाराज म्हणजे रागावलेला. झालं! दुसऱ्या दिवशी त्यानं पंधरा पोरांना तो अर्थ दिला, आणि तिसऱ्या दिवशी पंधरा घरांतली रागावलेली माणसं वर्गात आली. कुणाचा बाप शेळी हरवली म्हणून रिलक्टंट, कुणाची आई कप फुटला म्हणून रिलक्टंट, कुणाचा काका कायमचाच रिलक्टंट. भागवतनं सगळ्यांना शाबासकी दिली. स्वतःचं वाक्य त्यानं शिताफीनं टाळलं, आणि शब्द पुसला.

आठवड्यानं त्यानं वैजयंतीला फोन लावला. नंबर संमतिपत्रावर होता. शाळा सुटली होती, आणि तो शाळेच्या पायरीवर बसला होता.

"कपाटाची किल्ली सापडत नाहीये, मॅडम."

"कपाटालाच आहे."

भागवतनं मान वळवली. किल्ली कपाटालाच होती, कधीपासूनची.

"हां... सापडली."

"आणखी काही?"

"नाही. म्हणजे... त्या दिवशी तुमच्या कपाळाला खडू लागला होता."

"आणि तुम्ही आज सांगताय?"

"सांगावं की नाही, ते कळत नव्हतं."

"पुण्यापर्यंत तशीच गेले मी. शेजारची बाई सारखी बघत होती, मला वाटलं ओळखीची आहे." मग ती मोठ्यानं हसली, आणि तिकडे हसण्याचा आवाज एकदम दबला, तोंडावर हात ठेवल्यासारखा. "पोरांनी वाक्यं काय आणली? वाचा ना."

भागवतनं वही उघडून वाचायला सुरुवात केली. शेळी झाली, कप झाला, काका झाला.

"भागवत सर," ती अखेर म्हणाली, "अख्खी वस्ती रागावली की हो!"

"चुकलं का?"

"रागाचा काही संबंधच नाही. आपण म्हणतो ना, पाय निघत नाही? तो शब्द आहे तो. जायचं असतं, कुणी अडवलेलं नसतं, कुणावर रागही नसतो... आणि तरी पाय निघत नाही."

"मग जाऊ नये माणसानं. नाही म्हणावं."

"नाही म्हटलं की तो शब्द संपला. नकार देणारा माणूस रिलक्टंट नसतो. रिलक्टंट माणूस जातो. सतरा वेळा मागे बघतो, पण जातो."

दुसऱ्या दिवशी भागवतनं तो शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला आणि वर्गाला सांगितलं, "मांगच्या हप्त्यात मी याचा अर्थ चुकीचा सांगतला. चूक माही हाय." पोरं हसतील असं त्याला वाटलं होतं. पोरं हसली नाहीत, खूश झाली. मास्तर चुकतो आणि वर सांगतोही, हे त्यांना नवीनच होतं. त्या खुशीत त्यांनी दुसऱ्या दिवशी अशी वाक्यं आणली, की भागवत ऐकतच राहिला. एकाची म्हैस डोहातून बाहेर यायला रिलक्टंट होती. चौथीतली इफ्रा उभी राहिली, "माय दादी सुगराबी इज रिलक्टंट टू वेअर हर चष्मा."

"चष्म्याले इंग्रजीत काय म्हनतेत?"

"आमच्या घरात चष्माच हाय सर."

ते मान्य करावंच लागलं. पंधरा वाक्यं झाली. भागवतनं डस्टर उचललं, तेवढ्यात इफ्रा म्हणाली, "सर, तुमचं?"

"माझं? हां... माय मदर इज रिलक्टंट टू..."

"सर," इफ्रा अगदी हळू म्हणाली, "तुमची आई त वारली न."

भागवतनं डस्टर खाली ठेवलं. शब्द फळ्यावर राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला, तिसऱ्या दिवशीही. पोरांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी त्यानं फोन लावला. या वेळी किल्लीचं निमित्त शोधलं नाही.

"माह्या घरात तो शब्द बसतच नाही, मॅडम. घरात कोनी असन त बसन न."

किती दिवसांनी त्याच्या तोंडून त्याची स्वतःची बोली अशी आपसूक बाहेर पडली होती.

"तुमच्या घरातलं एक वाक्य माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "देऊ का, असा विचार करत होते."

"काय?"

"आपली अदलाबदल कुणी ठरवली माहीत आहे ना? तुमच्या आईनं. महिनाभर माझ्या मागं लागली होती. 'माह्या लेकाले इकडं यायचं हाय, तुले तिकडं जायचं हाय, करा न अदलाबदल.' शेवटी कागद आला. मी तुमच्याच घरात बसले सही करायला, आणि माझं पेन सापडेना. आत्ता होतं, आत्ता नाही. सगळं घर शोधलं. ती पण शोधत होती माझ्याबरोबर, चटईखाली, पिठाच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आली आणि पदराखालून काढून दिलं. म्हणाली, 'तो येईन म्हून खुश हाय वं मी. पन तू जाशीन न.' आणि मग समोर बसून माझी सही घेतली."

भागवत पायरीवर बसून होता. समोरच्या वावरात सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकून दोघं जण तिच्यावर दगड ठेवत होते. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. आषाढात तेरा दिवस त्याला रडू आलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला नावं ठेवली होती, त्यानं स्वतःही ठेवली होती.

"सर? आहात का?"

"हाव," तो म्हणाला. "हाय."

तिनं फोन ठेवला नाही. त्या दिवशी ते दोघं बराच वेळ काही न बोलता बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी भागवतनं वर्गात वाक्य सांगितलं, आई पेन द्यायला रिलक्टंट होती, पण तिनं दिलं. "कोन्तं पेन सर?" पोरांनी विचारलं. मग त्यानं सगळी गोष्टच सांगितली. इफ्रानं शब्द पुसला.

---

मग रोजच पाच वाजता फोन सुरू झाला. कारण अर्थातच शब्द. आजचा शब्द काय, तो कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही. भागवतला इंग्रजीची एवढी गोडी बत्तीस वर्षांत कधी लागली नव्हती.

"आजचा शब्द व्हिस्पर," तो सांगायचा. "तुमच्या घरातलं वाक्य?"

"हळू बोला, अप्पा झोपलेत."

"हे वाक्य आहे की ताकीद?"

"दोन्ही. तुमचं?"

"माझ्या घरात कुणी हळू बोलत नाही. मोठ्यानंही बोलत नाही."

"मग आत्ता बोला हळू. मी आहे ना ऐकायला."



तिच्या घरात दोनच माणसं, ती आणि तिचे वडील, अप्पा. गेल्या वर्षी अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चालणं गेलं, बोलणं उरलं ते एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं. त्यांच्यासाठीच तिनं बदली घेतली होती. शाळा, स्वयंपाक, अप्पांचं सगळं उरकून ती पाच वाजता गच्चीवर यायची. सहा वर्षांत गावाकडच्या मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या.

"इथं मी चुकून 'काहून' म्हटलं की दुकानदार वर बघतो," ती म्हणायची. "कुठल्या तुम्ही, विचारतो. माझ्याच गावात!"

"इथं मी 'काय ओ' म्हणालो तर पोरं सुट्टीभर 'काय ओ, काय ओ' करत फिरली."

"आपल्या दोघांच्या बदल्या झाल्या, सर. जिभेची ऑर्डर निघायची राहिली."

दिवाळी झाली, तूर फुलली, थंडी पडली. आपल्याला काय झालं आहे, हे भागवतला एका रविवारी कळलं. रविवारी फोन नसायचा, कारण तिच्याकडे मामा यायचे. तो चार वाजता घरातून निघाला, तेव्हा बेबीबाई ओट्यावर मेथी निवडत होती.

"आज त इतवार हाय. कुठी चालला?"

"शाळेत. तिथं फोन चांगला लागते."

"घरात बी लागते न," बेबीबाई म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता मेथी निवडत राहिली. तिनं पुढं काही विचारलं नाही. वैजयंती सहा वर्षं तिच्याच खोलीत राहिली होती, आणि बेबीबाईला काही कळत नव्हतं असं नाही.

फोन घरात लागायचा. पण घरात बोललं, की बोलणं संपल्यावर घर फार मोठं व्हायचं. म्हणून तो कुलूप लावलेल्या शाळेच्या पायरीवर जाऊन बसला, न येणाऱ्या फोनजवळ, साडेपाचपर्यंत. आणि तिथं त्यानं स्वतःशी कबूल केलं, की आपलं या बाईवर प्रेम आहे. कबूल करून तो घरी आला आणि भात करपवला.

---

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती म्हणाली, "रविवारी पाहुणे येणार आहेत."

"कोन?"

"मला बघायला. मामांनी स्थळ आणलंय. कराडचे आहेत, मुलगा बँकेत."

भागवतचं तोंड आपलं काम करत राहिलं. "चांगलं हाय."

"चांगलं आहे?"

"मंजे... मानसं चांगली असतीन त."

"माणसं चांगली आहेत. अप्पांनाही आमच्यात आणा म्हणाले."

"मग त..."

"मग काय, सर?"

"मग काही नाही."

ती थांबली. तो काही बोलेल म्हणून ती थांबली आहे, हे त्याला कळत होतं. तिचा श्वास ऐकू येत होता, गच्चीवरचा वारा ऐकू येत होता. तो बोलला नाही. "ठेवते," ती म्हणाली.

शुक्रवारी त्यानं फोन केला नाही. तिनंही केला नाही. पाच वाजले, सहा वाजले, भागवत घरात आईच्या चटईवर बसून राहिला. हिशेब सरळ होता. अप्पांना सोडून ती इकडे येणार नाही, आणि तिनं यावं असं म्हणायला आपण कोण? मग आपणच तिकडे जायचं. ज्या डोंगरातून सुटायला आठ वर्षं अर्ज केले, ज्यासाठी आईनं पोहरादेवीला नवस बोलला, तिथंच परत. गाव वेड्यात काढेल, त्याचं काही नाही. पण त्याला स्वतःलाच जायचं नव्हतं. या दोन खोल्यांत आईचा वावर होता. इथल्या दारावर तिच्या हळदीच्या हातांचे डाग होते, आणि गेल्या पाच महिन्यांत, पेनाची गोष्ट ऐकल्यापासून, हे घर त्याला पुन्हा हळूहळू घर वाटू लागलं होतं.

आणि इथंच भागवत अडकला. खरं प्रेम असतं तर माणूस धावत सुटला असता, असं त्याला वाटत होतं. आपले पाय जड आहेत म्हणजे आपलं प्रेमच कच्चं आहे. मग कच्च्या प्रेमाच्या जोरावर त्या पोरीचं चांगलं स्थळ कशाला मोडायचं? असा विचार करून त्यानं स्वतःला भला माणूस ठरवलं आणि रात्र काढली. भलेपणानं झोप मात्र लागली नाही.

शनिवारी शाळा सकाळची. पोरं गेली, माणिकराव सर गेले. ऊन तापू लागलं होतं. आसपासच्या वावरांत हरभरा काढणं चाललं होतं आणि बायकांचं बोलणं वाऱ्यावर तुटत तुटत येत होतं. भागवत पायरीवर बसला. पाय हलका व्हायची वाट बघायची म्हटलं, तर तो दिवस येणारच नव्हता. उद्याचा रविवार मात्र येणार होता. त्यानं फोन लावला.

"बोला," ती म्हणाली. नुसतं बोला.

"पाहुणे किती वाजता येनार हायेत?"

"अकराला."

"त्याच्या आधी एक सांगायचं होतं."

"सांगा."

"मी परवा चांगलं हाय म्हनलो, ते चांगलं नाही." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मले तुमच्याशी लग्न करायचं हाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिनं गॅस बंद केला.

"कुठं?" तिनं विचारलं.

"आं?"

"लग्न करून राहायचं कुठं? इथं की तिथं?"

"तिथं. तुमच्या इथं. अप्पाले सोडून या, असं मी कोन्त्या तोंडानं म्हनू? नवरा-बायको एका जिल्ह्यात म्हून अर्ज करता येते. लागतीन दोन-तीन वर्षं. तवरोक दिवाळी-उन्हाळ्यात येत जाईन."

"आठ वर्षं लागली तुम्हाला घरी यायला."

"हाव."

"आणि पाच महिन्यांत परत निघालात?"

"हाव."

"सर, खरं सांगा," तिचा आवाज अगदी खाली आला होता. "आनंदानं निघताय?"

इथं कुणीही हुशार माणूस हो म्हणाला असता. प्रेमात पडलेला तर नक्कीच म्हणाला असता. भागवतच्या ओठांवर ते आलंही.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडं यायचा आनंद हाय. इथून निघायचा नाही. आईचं घर हाय, मॅडम. काल रातभर त्याच घरात बसून होतो. पाय निघत नाही माहा. खोटं बोललो त तुमाले कळनच." तो थांबला. "पन येतो."

फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडून राह्यल्या?"

"तुम्ही उड्या मारत येतो म्हणाला असतात ना," ती रडत होती आणि हसतही होती, "तर मी नाही म्हणणार होते."

"काहून?"

"उड्या मारत आलेल्या माणसाला आपण काय सोडून आलो ते ठाऊकच नसतं. मग ते एक दिवस आठवतं त्याला." तिनं पुन्हा नाक ओढलं. "आणि दिवाळीत फक्त तुम्हीच यायचं असं काही नाही. अप्पांना गाडीत झोपवून आणता येतं. तुमच्या आईच्या घराला मीही काही परकी नाही."

वावरातल्या बायका कशालातरी खळखळून हसल्या.

"मामाले काय सांगान?" त्यानं अखेर विचारलं.

"मामांना मी सांगीन. अप्पांना तुम्ही सांगा. उठलेत आत्ताच. देऊ?"

"आता?"

"आताच. देऊन राह्यली," ती म्हणाली, आणि तिची पावलं आतल्या खोलीकडे जाताना ऐकू आली. दार वाजलं. ती कुणाच्या तरी कानाशी काहीतरी बोलली. मग फोनमध्ये एका म्हाताऱ्या माणसाचा जड, सावकाश श्वास आला.

भागवत पायरीवरून उठून उभा राहिला. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"नमस्कार अप्पा. मी भागवत."

मग एकेक अक्षर ओढत प्रश्न आला, "कु... ठले... तुम्ही?"

आठ वर्षं त्या डोंगरात हा प्रश्न त्याला कंडक्टरनं विचारला होता, घरमालकानं विचारला होता, भाजीवालीनं विचारला होता, आणि प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. आजही ते जिभेवर होतं. त्यानं हरभऱ्याच्या वावरांपलीकडे पाहिलं, जिथं दुपारच्या उन्हात गावातली घरं दिसत होती.

"सध्या," तो म्हणाला, "रिठदचा."